एकशे वीस पराभवांचा संघ

“मामा, या म्हाताऱ्याला अजून कशाला ठेवलाय यांनी? गुडघे गेलेत त्याचे. विकून टाकायला हवा!”

भाच्याच्या तोंडचे हे वाक्य प्रथम कानी पडले तेव्हा मी दचकलोच. न्यू जर्सीतल्या त्याच्या दिवाणखान्यात बसून मी चहा पीत होतो, आणि क्षणभर मला आमच्या गावच्या आठवडेबाजारातला बैलबाजार दिसला. पण विषय बैलाचा नव्हता, बेसबॉलच्या एका खेळाडूचा होता. त्या देशात खेळाडू विकतात, बदली देतात, अदलाबदल करतात, आणि जेवणाच्या टेबलावर बसून प्रत्येक घर आपापल्या संघाची नवी यादी तयार करीत असते. हा कच्चा, तो काढा, अमक्याच्या बदल्यात तमका आणा. भाचा न्यूयॉर्कच्या ‘मेट्स’ संघाचा भक्त. २०२२ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे महिनाभर राहिलो, त्या महिन्यात त्याने निदान तीस याद्या तरी केल्या असतील.

मी शाळेत मराठी शिकवतो. पण आमच्यासारख्या लहान शाळेत मराठीच्या मास्तरालाच खो-खोचा आणि कबड्डीचा संघ निवडावा लागतो. त्यामुळे याद्या करण्याचे दुखणे माझ्या ओळखीचे आहे. एकदा मी तालुक्याच्या सामन्यांसाठी एक मुलगा केवळ नावावर घेतला. दोन वर्षांपूर्वी त्याने मैदान गाजवले होते. त्यानंतर त्याचा पाय दुखावला होता, हे मला ठाऊक होते, त्यालाही ठाऊक होते. आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. परतीच्या एस.टी.त तो मुलगा माझ्याकडे पाहत नव्हता आणि मी त्याच्याकडे. म्हणून भाच्याने जेव्हा मला मेट्सच्या पहिल्या वर्षाची, म्हणजे १९६२ सालची गोष्ट हसत हसत सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी हसलो खरा, पण मला ती पुढेही पिच्छा पुरवीत राहिली. मग मिळेल ते वाचत गेलो. त्याचे हे फळ, गोड की आंबट ते वाचकांनी ठरवावे.

खेळाची तोंडओळख थोडक्यात करून देतो. मैदानाला चार कोपरे, त्यांना ‘बेस’ म्हणायचे. ‘पिचर’ चेंडू फेकतो, फलंदाज तो टोलवतो आणि धावत एकेक कोपरा शिवत घरी परततो, की एक धाव. तीन गडी बाद झाले की डाव पालटतो. असे नऊ डाव. आपल्याकडचे वर्षाकाठचे मोजके सामने डोळ्यांपुढे आणू नका. तिकडे एका हंगामात एकेक संघ एकशे बासष्ट सामने खेळतो. जवळजवळ रोजचा रतीब! आणि रोजचा रतीब म्हटला की नासकेही रोजच पदरात येते.

आता मूळ दुःख. न्यूयॉर्क शहरात पूर्वी तीन मोठे संघ होते. पैकी दोन, ब्रुकलिनचा ‘डॉजर्स’ आणि ‘जायंट्स’, १९५७ चा हंगाम संपताच मालकांनी उचलून थेट कॅलिफोर्नियात नेले. लाखो माणसांचे दैवत एका रात्रीत देवळासकट परगावी गेले म्हणा ना! उरला ‘यांकीज’, श्रीमंत आणि सदा जिंकणारा. पण ज्याने जन्मभर यांकीजचा द्वेष केला, तो ब्रुकलिनचा माणूस त्यांचा जयजयकार कसा करणार? चार वर्षे ही मंडळी पोरकी होती. विल्यम शे नावाच्या वकिलाने खटपट केली, तिसरीच स्पर्धा उभी करण्याचा धाक घातला, तेव्हा कुठे जुन्या ‘नॅशनल लीग’ने दोन नव्या संघांना दार उघडले. एक ह्यूस्टनचा आणि दुसरा हा न्यूयॉर्कचा मेट्स. मालकीण होत्या जोन पेसन या बाई. जायंट्समध्ये पूर्वी त्यांचा लहानसा वाटा होता आणि संघ हलवण्याविरुद्ध त्यांनी मत दिले होते.

नवा संघ म्हणजे खेळाडू आणायचे कुठून? १० ऑक्टोबर १९६१ रोजी जुन्या आठ संघांनी आपापल्या कोठीतले काही खेळाडू बाहेर काढून मांडले आणि नव्यांना सांगितले, यातून निवडा. आता लग्नघरी आहेरासाठी लोक कोणती भांडी काढतात, ते गृहिणींना मी सांगायला नको. पोचे आलेली, झाकण हरवलेली. पण किंमत मात्र नव्याची! चार खेळाडू प्रत्येकी सव्वा लाख डॉलरला, सोळा जण पंचाहत्तर हजारांना, दोघे पन्नास हजारांना. एकूण बावीस जणांसाठी मेट्सने अठरा लाख डॉलर मोजले.

निवड करणारे होते जॉर्ज वाइस, यांकीजच्या वैभवकाळातले कारभारी. संघ शिकवणार होते केसी स्टेंगेल, वय वर्षे एकाहत्तर. या गृहस्थांनी यांकीजला बारा वर्षांत सात वेळा जगज्जेतेपद मिळवून दिले होते, आणि १९६० ची अंतिम लढत गमावताच त्यांना नारळ मिळाला होता. पहिली निवड त्यांनी केली ती होबी लँड्रिथ या ‘कॅचर’ची. कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षक. का, तर कॅचर नसला की चेंडू मागे जातच राहतात, असे त्यांनी सांगितले म्हणे. याला उत्तर नाही.

वाइसांचे धोरण उघड होते. न्यूयॉर्ककरांना ओळखीचे चेहरे दाखवायचे. म्हणून ब्रुकलिनचा लाडका गिल हॉजेस आला, वय अडतीस, गुडघा जायबंदी. डॉन झिमर आला, सव्वा लाखाचा. फिलाडेल्फियाचा एके काळचा नामांकित रिची अ‍ॅशबर्न विकत घेतला. भाच्याचे मत असे, की ही शुद्ध घोडचूक. ह्यूस्टनवाल्यांनी त्याच बाजारातून ताज्या दमाचे गडी उचलले आणि पहिल्याच वर्षी चौसष्ट सामने जिंकून आठवा क्रमांक मिळवला. मेट्सने जिंकले चाळीस आणि हरले एकशे वीस. “मामा, आकडे खोटं बोलत नाहीत,” तो म्हणाला. आकडे खोटे बोलत नाहीत हे खरे, पण ते सगळेच सांगतात असेही नाही.

पहिले नऊच्या नऊ सामने हरून झाले, तेव्हा कुठे २३ एप्रिलला पिट्सबर्ग येथे पहिला विजय आला. तो मिळवून दिला जे हूक या पिचरने. हा गडी अभियांत्रिकीचा पदवीधर. फेकलेला चेंडू हवेत का वळतो याचे शास्त्र तो फळ्यावर काढून दाखवू शकत असे, फक्त सामन्यात तो हवा तेव्हा वळत नसे. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्याला हा तपशील वाचून जरा बरे वाटले, हे लपवत नाही. झिमरची तर कमालच. सलग चौतीस वेळा त्याची बॅट रिकामी गेली, आणि एकदाचा त्याला फटका बसला तोच त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकले! हॅरी चिटी नावाचा कॅचर एप्रिलमध्ये क्लीव्हलंडकडून घेतला, मोबदल्यात कोण द्यायचा ते मागाहून ठरवू, अशा बोलीवर. जूनमध्ये ठरले. मोबदला म्हणून हॅरी चिटीलाच परत पाठवले. बॉब मिलर नावाचे दोन पिचर होते आणि दोघांना प्रवासात एकाच खोलीत ठेवीत, म्हणजे फोन आला की कोणीतरी मिलर सापडेलच.

आणि मार्व्ह थ्रोनबेरी. त्याच्या पूर्ण नावाची आद्याक्षरे जुळवली तरी ‘मेट’च होते. १७ जूनच्या सामन्यात त्याने जोरदार फटका मारला, धापा टाकीत तिसरा बेस गाठला, मैदान दुमदुमले. प्रतिपक्षाने सांगितले, याने पहिला बेस शिवलाच नाही. पंचांनी बाद दिले. स्टेंगेल भांडायला धावले, तेव्हा त्यांना कळले की दुसराही शिवलेला नाही. तिसऱ्यावर तो उभा आहे, एवढे तरी मला दिसते आहे, असे म्हातारा म्हणाल्याचे सांगतात. मागून आलेल्या चार्ली नीलने चेंडू मैदानाबाहेर धाडला, तेव्हा स्टेंगेल बाहेर येऊन एकेका बेसकडे बोट दाखवू लागले. तो सामना मेट्सने एका धावेने गमावला.

अ‍ॅशबर्नची गोष्ट अशीच सांगतात. उंच उडालेल्या चेंडूखाली तो आणि एलिओ चाकोन नेहमी आपटत, कारण चाकोन व्हेनेझुएलाचा, त्याला इंग्रजी येत नसे. म्हणून अ‍ॅशबर्न स्पॅनिश शिकला. ‘यो ला तेंगो’, म्हणजे ‘माझा आहे, माझा!’ चेंडू आला, अ‍ॅशबर्न ओरडला, चाकोन शहाण्यासारखा थांबला, आणि ज्याला स्पॅनिश येत नव्हते तो फ्रँक थॉमस येऊन अ‍ॅशबर्नवर आदळला.

तर असा हा संघ, आणि लोकांनी काय करावे? शिव्या द्याव्यात? पहिल्या वर्षी नऊ लाखांवर माणसे पोलो ग्राउंड्सच्या त्या पडक्या मैदानात आली. ३० मे रोजी पळून गेलेले डॉजर्स पाहुणे म्हणून आले, तेव्हा पन्नास हजारांहून अधिक लोक होते. मेट्सने त्या दिवशी दोन्ही सामने गमावले. लोक घरच्या चादरींवर घोषणा रंगवून आणीत. वाइससाहेबांना तो आचरटपणा वाटे, त्यांची माणसे सुरुवातीला चादरी काढून घेत. पुढे १९६३ मध्ये क्लबलाच चादरींचा उत्सव भरवावा लागला. १९६४ साली यांकीज आपल्या लीगचे विजेते आणि मेट्स तळाला, तरी नव्या शे स्टेडियमवर मेट्सला सतरा लाखांवर प्रेक्षक आले, यांकीजला तेरा लाखांच्या आसपास. मग वाइसांची यादी चुकली म्हणायची की साधली? माझे मत विचाराल तर मैदानावर चुकली आणि शहरात साधली. पोरक्या माणसाला आधी ओळखीचा चेहरा लागतो.

मात्र या हास्यरसाची किंमत कोणीतरी मोजली, आणि इथे मी भाच्याशी भांडलो. क्रेग अँडरसन या तरुण पिचरचे नाव त्याने तीस याद्यांत एकदाही घेतले नव्हते. १२ मे १९६२ रोजी मिलवॉकीविरुद्ध एकाच दिवसात दोन सामने झाले. पहिला लँड्रिथच्या शेवटच्या फटक्याने जिंकला, दुसरा हॉजेसच्या. दोन्हींचा विजयी पिचर अँडरसन! चोवीस तासही नव्हे, एका दुपारीत दोन विजय. त्यानंतर त्या हंगामात तो सलग सोळा सामने हरला. पुढच्या दोन वर्षांत आणखी तीन. त्या दुपारनंतर मोठ्या लीगमध्ये तो पुन्हा कधीच जिंकला नाही. संघाने त्या वर्षी दोनशे दहा चुका केल्या. चेंडू सुटत होते इतरांच्या हातून, पराभव लिहिला जात होता पिचरच्या नावावर. रॉजर क्रेग चोवीस सामने हरला, अल जॅक्सन वीस. इतके सामने हरायला आधी इतके वेळा चेंडू हाती मिळावा लागतो, आणि तो वाईट पिचरला कोण देतो? हे दोघे तर संघातले सगळ्यांत बरे गडी होते. भाचा गप्प झाला. मग म्हणाला, “मामा, याच्यावर मी कधी विचारच केला नव्हता.”

अ‍ॅशबर्नचे मात्र मला फार कौतुक वाटते. अशा संघात तो मनापासून खेळला, त्याची सरासरी तीनशेच्या वर राहिली. संघातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला एक नौका बक्षीस मिळाली. ती पुढे बुडाली, असे तोच हसत सांगे. हंगाम संपताच त्याने खेळ सोडला. ३० सप्टेंबरच्या अखेरच्या सामन्यातही शिकागोत एका फटक्यावर मेट्सचे तिघे एकदम बाद झाले होते, आता कोणाला नवल वाटणार? पुढे तो फिलाडेल्फियाचा समालोचक झाला. १९९७ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला मेट्सच्याच सामन्याचे समालोचन करून तो हॉटेलात परतला आणि त्या रात्री वारला.

उरलेली कथा सर्वांना ठाऊक असलेली. १९६६ साली टॉम सीव्हर हा पोरगा तीन संघांच्या चिठ्ठ्यांतून टोपीतली चिठ्ठी निघून मेट्सला मिळाला. तो गुडघा गेलेला हॉजेस १९६८ मध्ये शिक्षक म्हणून परत आला. १९६९ मध्ये याच संघाने शंभर सामने जिंकले आणि बाल्टिमोरला हरवून जगज्जेतेपद मिळवले. पहिल्या वर्षाच्या यादीतला एकच गडी तेव्हा संघात उरला होता, एड क्रेनपूल. १९६२ मध्ये तो सतरा वर्षांचा होता, नुकताच शाळेतून आलेला. हॉजेस १९७२ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. भाच्याचा ‘म्हातारा’ तो हाच, हे त्याला मी अजून ऐकवीत असतो.

२८ सप्टेंबर २०२४ रोजी सकाळी मी शाळेची तयारी करीत होतो, तोच त्याचा फोन आला. तिकडे अजून सत्तावीस तारखेची रात्र. शिकागोचा ‘व्हाइट सॉक्स’ संघ डेट्रॉइट येथे त्या हंगामातला एकशे एकविसावा सामना हरला होता.

मी म्हटले, “अरे, मग तुला आनंद व्हायला हवा. बासष्ट वर्षांचा कलंक गेला.”

पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही.

“मामा,” तो म्हणाला, “आपला होता तो.”