करार आणि काळ



दिलेला शब्द पाळावा, हे शिकण्यासाठी आपल्याला युरोपात जाण्याचे कारण नाही. हरिश्चंद्राची गोष्ट ऐकतच आपण सारे लहानाचे मोठे झालो. परंतु शब्द दिला तेव्हाची परिस्थितीच पार पालटून गेली, तर त्या शब्दाचे काय व्हावे, या प्रश्नावर युरोपातील कायदेपंडित शतकानुशतके भांडत आले आहेत. रोमन वक्ता सिसरो याने एक उदाहरण दिले आहे. शहाण्यासुरत्या माणसाने आपल्यापाशी तलवार ठेव म्हणून ठेवली आणि वेड लागल्यावर ती परत मागितली, तर ती देणे हा धर्म नव्हे, असा त्याचा अभिप्राय. मध्ययुगातील पंडितांनी पुढे यातून तत्त्व काढले ते असे, की ‘परिस्थिती आहे तशीच राहील तर’ ही न लिहिलेली अट प्रत्येक वचनात गृहीत असते. त्याच्यासमोर दुसरे तत्त्व उभे होते : करार हे पाळण्यासाठीच असतात. या दोन तत्त्वांचा झगडा आज आपल्यापुढे मांडायचा आहे. त्यासाठी मी ग्रंथांपेक्षा खटल्यांचा आधार अधिक घेणार आहे. कारण या वादात अखेर कोणाचे तरी पैसे बुडतात, आणि ते कोणाचे बुडावेत हाच खरा प्रश्न असतो.

फ्रान्सच्या दक्षिणेस प्रोव्हान्स प्रांतात सालों नावाचे गाव आहे. सोळाव्या शतकात तेथल्या आदाम द क्रापोन नावाच्या इंजिनियराने द्युरांस नदीचे पाणी कालव्याने या कोरड्या मुलखात आणले. सालोंचा प्रसिद्ध ज्योतिषी नोस्त्रादामुस यानेही या कामी पैसे घातले होते. १५६० आणि १५६७ साली झालेल्या करारांत पाणीपट्टी ठरली ती जमिनीच्या ठराविक मापामागे तीन सू, म्हणजे नंतरच्या हिशेबाने पंधरा सांतीम. पुढे काय होणार हे ज्योतिषीबुवांनाही दिसले नसावे! तीनशे वर्षे लोटली, पैशाची किंमत घसरली, मजुरी वाढली, आणि कालव्याच्या डागडुजीचा खर्चही पट्टीतून निघेना. तेव्हा कालव्याच्या मालकांनी पेलिसान गावाविरुद्ध दाद मागितली. एक्स येथील अपील कोर्टाने १८३४ ते १८७४ या काळासाठी ३० सांतीम आणि पुढे ६० सांतीम असा दर बांधून दिला. कोणाही व्यवहारी माणसाला हे पटेल. परंतु पॅरिसच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च १८७६ रोजी तो निकाल रद्द केला. नेपोलियनच्या १८०४ च्या दिवाणी संहितेतील ११३४ व्या कलमाप्रमाणे रीतसर केलेला करार हा करणाऱ्यांपुरता कायदाच होय. मग काळ कितीही लोटो आणि फेरफार कितीही न्याय्य दिसो, न्यायाधीशाने त्यास हात लावता कामा नये, असे न्यायालयाने ठरविले.

हे न्यायाधीश पाषाणहृदयी होते असे समजण्याचे कारण नाही. क्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये वरिष्ठ न्यायालये न्यायबुद्धीच्या नावाखाली मनास येईल तसे निकाल देतात, अशी लोकांची तक्रार होती. क्रांतीने न्यायाधीशाच्या हातून ती सत्ता काढून घेतली. न्यायाधीशाची दया आज शेतकऱ्याच्या बाजूने झुकली, तर उद्या जमीनदाराच्या बाजूने झुकणार नाही कशावरून, ही भीती खोटी नव्हती. आणि पेलिसानच्या बाबतीत या कठोर नियमाचा लाभ पाणी घेणाऱ्यांनाच झाला, हेही ध्यानात ठेवावे.

त्याच फ्रान्सने पुढे चाळीस वर्षांनी दुसऱ्या दाराने उलट वाट धरली. महायुद्धात कोळशाच्या खाणींचा मोठा मुलूख जर्मनांनी व्यापला. बोर्दो शहराला दिव्यांसाठी गॅस पुरविणाऱ्या कंपनीस कोळसा जानेवारी १९१५ मध्ये टनास ३५ फ्रँक पडत होता, तो मार्च १९१६ मध्ये ११७ फ्रँकांवर गेला. ठरल्या दराने पुरवठा चालू ठेवावा तर कंपनी बुडते, आणि कंपनी बुडाली तर शहर अंधारात. सरकारी करारांचे खटले चालविणाऱ्या प्रशासकीय न्यायालयाने ३० मार्च १९१६ रोजी सांगितले, की पुरवठा चालूच राहिला पाहिजे, मात्र अकल्पित तोट्याचा काही वाटा नगरपालिकेने उचलावा. म्हणजे सरकारी कराराला एक न्याय आणि सावकार-कुळांच्या कराराला दुसरा! ही विसंगती पुढे शंभर वर्षे टिकली.

इंग्रजांची तऱ्हा आणखी निराळी. १९०२ च्या जूनमध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाची मिरवणूक पाहण्यासाठी पॅल मॅलवरील खोल्या दोन दिवसांकरिता ७५ पौंडांस घेतल्या गेल्या. राजावर अचानक शस्त्रक्रिया झाली, मिरवणूक लांबली. खोल्या होत्या, खिडक्या होत्या. मिरवणूक तेवढी नव्हती. कोर्टाने करार संपला असे मानून उरलेले ५० पौंड माफ केले. परंतु इंग्रज न्यायाधीश करार एक तर जिवंत म्हणेल, नाही तर मेला म्हणेल. त्याच्या अटी सुधारून देणार नाही. आपला १८७२ चा करार कायदा याच घरचा. त्याच्या ५६ व्या कलमाखाली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५३ साली, युद्धकाळात लष्कराने ताब्यात घेतलेल्या कलकत्त्याजवळच्या भूखंडांचा करार त्या अडथळ्याने मोडत नाही, असा निर्णय दिला.

या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती जर्मनीत. विंडशाइड नावाच्या पंडिताने १८५० साली असे मांडले होते, की करार करणारा मनात एक गृहीत धरून असतो व ते ढासळल्यास त्यास सूट मिळावी. १९०० साली अमलात आलेल्या जर्मन संहितेच्या कर्त्यांनी हे मत व्यापाराला घातक म्हणून दूर सारले. विंडशाइडने तेव्हाच बजावले होते, की हा विचार आज हाकलला तरी दुसऱ्या वाटेने परत येईल. तो आला, आणि फार भयंकर वेषात आला. १९१४ साली एका डॉलरास सुमारे ४·२ मार्क पडत; नोव्हेंबर १९२३ मध्ये तोच डॉलर ४ लाख २० हजार कोटी मार्कांचा झाला. युद्धापूर्वी घरे गहाण ठेवून ज्यांनी कर्ज काढले होते, ते कागदी मार्क पुढे करून गहाण सोडवू लागले. ज्यांची आयुष्याची पुंजी त्या गहाणात होती, त्यांच्या हाती एका पावाचीही किंमत येईना. ‘मार्क म्हणजे मार्क’ असे कायद्याचे म्हणणे होते, आणि कायदा अक्षरशः पाळूनच ही लूट चालली होती.

२८ नोव्हेंबर १९२३ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने संहितेच्या २४२ व्या कलमाचा आधार घेतला. देणे सचोटीने व विश्वासाने फेडावे, एवढेच ते एका वाक्याचे कलम. त्याच्या जोरावर न्यायालयाने चलनाच्या कायद्यालाही मागे सारले आणि गहाणाचे मूल्य नव्याने ठरविण्याचा मार्ग मोकळा केला. सरकार हा मार्ग वटहुकमाने बंद करणार अशी कुणकुण लागताच, त्या न्यायालयातील न्यायाधीशांच्या संघाने जानेवारी १९२४ मध्ये सरकारला जाहीर इशारा दिला. अखेर तडजोड निघाली : आधी मूळ सुवर्णमूल्याच्या १५ टक्के, आणि १९२५ च्या जुलैतील कायद्याने २५ टक्के. रुपयाचे चार आणेच परत मिळाले, पण मिळाले. मला स्वतःला हा निकाल त्या काळी अटळ वाटतो. मात्र एका वाक्याच्या कलमातून न्यायाधीशाने कायदेमंडळाला आव्हान द्यावे, ही गोष्ट निर्धास्तपणे घेण्यासारखी नव्हे.

पुढे युरोपातील देश जवळ आले, तेव्हा पंडितांना वाटले की करारांचा कायदा सर्वांनी मिळून एकच करावा. डेन्मार्कचे प्राध्यापक ओले लांडो यांच्या मंडळाने १९८२ पासून जी तत्त्वे तयार केली, त्यांत दोन्ही पक्षांनी आधी पुन्हा वाटाघाटी कराव्यात आणि न जुळल्यास न्यायालयाने करार संपवावा किंवा सुधारावा, असा नियम घातला. उलट पिएर लग्रां यांनी १९९६ साली असा आक्षेप घेतला, की नियम सारखे लिहिले म्हणून इंग्रज आणि फ्रेंच वकिलांचे विचार करण्याचे वळण सारखे होत नाही. खरेदी-विक्रीपुरता सामायिक कायदा करण्याचा प्रस्ताव २०११ साली पुढे आला आणि २०१४ च्या अखेरीस तो मागे घेण्याचे जाहीर झाले. जर्मनीने मात्र २००२ मध्ये १९२३ चा धडा आपल्या संहितेत ३१३ वे कलम म्हणून लिहून टाकला.

आणि फ्रान्स? तेथे संहितेच्या दुरुस्तीचा २०१५ चा मसुदा न्यायाधीशाला एका पक्षाच्या मागणीवरून करार फक्त संपवू देत होता. फेब्रुवारी २०१६ च्या अंतिम स्वरूपात, ११९५ व्या कलमाने, तो सुधारण्याचाही अधिकार दिला गेला. मात्र ज्या पक्षाने असा धोका आपण होऊन पत्करला असेल, त्याला या कलमाचा आधार नाही. तेव्हा सावध वकील तशी ओळ करारात घालून मोकळे होतात. शिवाय हे कलम १ ऑक्टोबर २०१६ नंतरच्या करारांनाच लागू आहे. त्यापूर्वी झालेल्या खाजगी करारांवर अजूनही पेलिसानच्या पाणीपट्टीचा १८७६ चा निकालच चालतो.