आधी उशा शिवा

बूट काढू नका. फरशी ओली आहे, आणि ती पाण्याने ओली झालेली नाही. नाकाला लावायला पदर शोधताय? पदर नाही. अंगात राखाडी, जाडाभरडा, टोचणारा लोकरी झगा आहे आणि डोक्यावर पांढरी टोपी. झगा तुमच्या मापाचा नाही; घाईघाईत शिवलाय.

१८५४ चा नोव्हेंबर. समोर बॉस्फरस, पलीकडे इस्तंबूल, आणि तुम्ही स्कुटारीच्या अवाढव्य बराकीत. क्रिमियाच्या लढाईत पडलेले इंग्रज शिपाई जहाजांतून इथे आणतात. मिस नाइटिंगेल यांच्याबरोबर आलेल्या ३८ जणींपैकी तुम्ही एक. कोपऱ्यातल्या मनोऱ्यात तुमचा मुक्काम. खोल्या अपुऱ्या, भिंतींना ओल, रात्री उंदरांची पळापळ. इमारतीखालची गटारं तुंबलेली. वारा फिरला की तो वास थेट घशात उतरतो.

आता सुई हातात घ्या. उशा शिवायच्या, जुन्या कापडाच्या पट्ट्या करायच्या, हातपाय कापलेल्यांसाठी टेकू भरायचे. भिंतीपलीकडून कोणीतरी पाणी मागतंय. ओरडत नाही, एका लयीत मागतंय, जणू झोपेतच. इथे माणशी दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी मिळतं. पिणं, धुणं, सगळं त्यातच.

तुमचे पाय दाराकडे वळलेच. थांबा. नाइटिंगेल बाईंची सक्त ताकीद आहे: डॉक्टर बोलावत नाहीत तोवर वॉर्डात पाऊल ठेवायचं नाही.

"उशा शिवायला का एवढा समुद्र ओलांडला आपण?" शेजारची पुटपुटते. दोरा ती इतक्या जोरात ओढते की तो तुटतो.

बाईंनी शेगडीवर आरारूटची खीर शिजवली आहे. घ्या ती वाटी. बोटांना चटका बसतो, गोडसर वाफ तोंडावर येते, आणि दिवसभरात पहिल्यांदा तुम्हाला दुर्गंधी सोडून दुसरा वास येतो. हगवणीने पोखरलेल्या पोटाला झेपेल तर हेच झेपेल. भटारखान्यातून येतं ते मांस. तांब्याच्या मोठाल्या हंड्यांत सगळ्यांचं एकत्र उकळतात. आपला तुकडा ओळखू यावा म्हणून कोणी त्याला चिंधी बांधतं, कोणी बटण. तळातलं कच्चंच राहतं. मग त्याच हंड्यात चहा.

पण ही वाटी आत न्यायला डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी लागते. चिठ्ठी आलेली नाही. वाफ विरते. खिरीवर पातळ पापुद्रा धरतो, कडेने सुरकुततो. भिंतीपलीकडे अजून तेच, पाणी.

काय कराल? चोरपावलांनी जाऊन त्याच्या तोंडात चार चमचे घालाल? डॉक्टरांना बायकांची लुडबुड मुळातच नको आहे. एक जण नियम मोडताना सापडली की सगळ्यांनाच परतीच्या बोटीत बसवायला निमित्त मिळेल. मग त्या मैलोन्‌मैल पसरलेल्या खाटांकडे बघणार कोण?

मला बाई फार दिवस निष्ठुर वाटत. आता त्यांचं पटतं; त्या एका खाटेचा नाही, सबंध बराकीचा विचार करत होत्या. पण पटलं तरी ती निवलेली वाटी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुमच्या हातात आहे ना ती? खाली ठेवायला जमतंय का बघा.

भिंतीपलीकडचा आवाज थांबला आहे. कधी थांबला, तुम्हाला कळलंही नाही.

आणि मग जहाजं येतात. एकामागून एक. इंकरमनच्या लढाईतले जखमी, थंडीने काळवंडलेली बोटं, उवांनी भरलेले कपडे. बोळांत दोन्ही बाजूंना माणसं. डॉक्टरांचेही हात पुरत नाहीत, आणि ज्यांना तुम्ही नको होतात त्यांचंच बोलावणं येतं. पळा. शिवलेल्या पोत्यांत पेंढा कोंबा, पसरा, त्यावर माणूस ठेवा, पुढचा.

एक गोष्ट सांगतात. उपयोग नाही म्हणून बाजूला काढलेले पाच शिपाई बाईंना दिसले. त्यांनी परस्पर हात लावला नाही. आधी डॉक्टरांना विचारलं, हे माझ्याकडे द्याल का? डॉक्टर म्हणाले, न्या. रात्रभर चमच्याने भरवलं, हातपाय धुतले, ऊब दिली. सकाळी पाचही जण शस्त्रक्रिया सोसतील इतके सावरले होते.

त्या रात्री चमचा तुमच्या हातात आहे असं समजा. मिणमिणता कंदील, वितळलेल्या मेणाचा आणि कुजक्या जखमांचा वास. शिपायाचे ओठ फुटलेत. एक चमचा जायला किती वेळ लागतो ते बघा. अर्धा ओघळतो. पुसा, परत भरा. पाठीमागच्या खाटेवरून कोणीतरी तुमच्या झग्याचं टोक धरलं आहे आणि पाणी मागतंय. तो या पाचांतला नाही. ओठ उघडलेत, चमचा भरलेला आहे, मान वळवली तर सांडेल.