माशांच्या आरोग्यासाठी वनस्पतिजन्य पूरक आहार

बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा यांसारख्या विस्तीर्ण जलाशयांत सोडलेले कटला, रोहू, मृगळ हे मासे मुख्यत्वे पाण्यातील नैसर्गिक खाद्यावर वाढतात. शेततळ्यात मात्र मासे दाटीने राहत असल्याने त्यांना बाहेरून खाद्य द्यावे लागते. दाटी, दूषित पाणी आणि प्राणवायूची घट यांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झाली की 'एरोमोनास हायड्रोफिला' हा जिवाणू बळावतो. अंगावर व्रण पडतात, पोटात पाणी साचते आणि वर्षभराची मेहनत वाया जाते.

अशा वेळी प्रतिजैविकांचा सढळ वापर केल्यास त्यांना दाद न देणारे जिवाणू निर्माण होतात व औषधांचे अंश ग्राहकाच्या ताटापर्यंत पोहोचू शकतात. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून पशुखाद्यात वाढीसाठी प्रतिजैविके मिसळण्यास बंदी घातली. साहजिकच संशोधकांचे लक्ष वनस्पतींकडे वळले.

लसणातील अ‍ॅलिसिन व हळदीतील कुर्क्युमिन हे घटक या दृष्टीने विशेष अभ्यासले गेले आहेत. रोहूच्या खाद्यात किलोमागे १ ते १० ग्रॅम लसूण मिसळून केलेला भारतीय अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माशांची प्रतिकारशक्ती वाढल्याचे आणि एरोमोनासच्या संसर्गानंतर अधिक मासे जगल्याचे आढळले.

सोयाबीन आणि कापूस ही या जिल्ह्याची प्रमुख पिके. सोयाबीनची पेंड प्रथिनांचा उत्तम स्रोत आहे. पण कच्च्या सोयाबीनमधील पचनरोधक घटक उष्णतेची प्रक्रिया केल्याशिवाय नष्ट होत नाहीत. सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल अधिक प्रमाणात गेल्यास माशांची वाढ खुंटते. मोहाच्या पेंडीतील सॅपोनिन तर माशांना विषारीच असते; म्हणूनच मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातील नको असलेले मासे मारण्यासाठी ती वापरतात. तात्पर्य, वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, असे समीकरण मांडता येत नाही.

पूरक आहार हा रोगावरील रामबाण उपाय नव्हे. लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू, मत्स्यबीजाची योग्य संख्या आणि तळाशी खाद्य कुजू न देण्याची दक्षता यांना पर्याय नाही. हे सांभाळून, तज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरविलेल्या मात्रेत दिलेली लसूण-हळद मात्र मत्स्यपालकाला उपयोगी पडू शकते.