ईएसआयचा दावा म्हणजे खैरात नव्हे

बाबासाहेबांच्या जयंतीला पनवेलच्या वस्त्यांमध्ये लागणाऱ्या बॅनरवर एक ओळ हमखास असते : कामगारांना ईएसआय बाबासाहेबांनी दिलं. इतिहास याहून थोडा लांबलचक आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याने मार्च 1943 मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं. अहवाल ऑगस्ट 1944 मध्ये आला. 1946 च्या अखेरीस विधेयक मांडलं गेलं तेव्हा खातं जगजीवनराम यांच्याकडे होतं, आणि कायदा झाला एप्रिल 1948 मध्ये. श्रेय कमी करायला आम्ही हे सांगत नाही. नाव बॅनरवर जातं आणि त्यामागचा विचार दाव्याच्या खिडकीपर्यंत पोचतच नाही, हे आमचं दुखणं आहे.

तो विचार समजायला 1923 चा भरपाई कायदा आठवावा लागतो. त्यात जखमी कामगार एकीकडे आणि मालक दुसरीकडे. पैसे मालकाच्या खिशातून यायचे, म्हणून मालक प्रत्येक हाडासाठी भांडायचा. विम्याने हे नातंच बदललं. दोघांच्या वर्गणीतून निधी उभा राहील आणि कामगार आपल्या निधीकडे मागेल, मालकाच्या दयेकडे नाही. आज पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. ज्याची वर्गणी कापली गेली त्याने खिडकीवर हात का जोडायचे?

आता तळोजा एमआयडीसीत या. आमच्याकडे मदतीला येणारे बहुतेक ठेकेदाराचे कामगार, त्यात आपले बौद्ध बांधव पुष्कळ. उंचावरून पडून कमरेखालचं शरीर गेलेल्या एका भावाची फाइल आमच्याकडे आहे. अपघातानंतर ठेकेदार बदलला. जुना म्हणतो, माणूस माझा नव्हता. नवा म्हणतो, माझ्या आधीचा. कार्डावर आडनावाचं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. कागद तीनदा परत आले, सात महिने गेले.

1948 च्या कायद्याने हा प्रश्न आधीच ओळखला होता. कलम 40 प्रमाणे ठेकेदाराच्या माणसाचीही वर्गणी आधी मुख्य मालकाने भरायची, मग ठेकेदाराकडून वसूल करायची. मालकाने वर्गणी बुडवली तर कलम 68 प्रमाणे महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. नोंदणी अपघातानंतर झाली म्हणून हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2002 मध्ये मान्य केलं. 1950 च्या नियमावलीत तर मुदती आहेत : कागद पूर्ण झाल्यावर आजारपणाचा पहिला हप्ता सात दिवसांत, कायम अपंगत्वाचा एक महिन्यात, मृताच्या कुटुंबाचा तीन महिन्यांत. ‘कागद पूर्ण’ या दोन शब्दांत सात महिने कसे मावतात, ते आम्ही पाहतोय.

एक उणीव मात्र कायद्यातच आहे, ती आपण लपवू नये. पूर्ण अपंगत्वाला सरासरी पगाराच्या नव्वद टक्के मिळतात, पण ते त्याच्या बुडालेल्या मजुरीचे. त्याला दर दोन तासांनी कूस बदलून देणाऱ्या, त्यासाठी चार घरची धुणीभांडी सोडलेल्या त्याच्या बायकोची मजुरी कुठल्याच रकान्यात नाही. आठ तासांच्या दिवसासाठी झगडणाऱ्या चळवळीने तिच्या चोवीस तासांवर अजून एक साधं निवेदनही दिलेलं नाही. आमच्यासकट.

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावला, कलमांचे आकडे बदलले. तरी जुन्या कायद्यातल्या दोन गोष्टी कामगारांना माहीतच नव्हत्या, म्हणून सांगतो. दावा बारा महिन्यांत करायचा, उशीर झाला तर सबळ कारण न्यायालयापुढे मांडता यायचं. आणि विमा न्यायालयात वकीलच हवा असं नव्हतं. लेखी अधिकार दिलेला नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही उभा राहू शकत होता. आपल्या किती संघटनांनी हे कधी वापरलं?

त्या ताईंना आम्ही एवढंच सांगितलं की यापुढे खिडकीवर तोंडी काही ऐकायचं नाही, नाकारलं तर कारणासह लेखी मागायचं. गेल्या सोमवारी त्या चौथ्यांदा अर्ज घेऊन गेल्या, आणि पहिल्यांदाच शिक्का मारलेली पोच घेऊन परतल्या.