गाळ कोणाचा, खर्च कोणाचा?

१९८१ साली अमेरिकेच्या माँटाना राज्यातील मिलटाउन या लहानशा वस्तीत विहिरींचे पाणी तपासले गेले आणि चार विहिरींत आर्सेनिक सापडले. पाणी दिसायला नितळ होते. त्याला वास नव्हता, चवीतही फरक नव्हता. गावात खाण नव्हती की धातू वितळवणारी भट्टी नव्हती. होते ते एक जुने धरण, त्यामागचा जलाशय आणि जलाशयाच्या तळाशी साचलेला गाळ. हे आर्सेनिक कोठून आले हे शोधणे तसे सोपे होते. ते दूर करण्याचा खर्च कोणी करायचा, हे ठरायला मात्र पुढची चोवीस वर्षे लागली.

गोष्ट सुरू होते ती मिलटाउनच्या वर सुमारे १९० किलोमीटरवर, ब्यूट या गावी. १८८० च्या दशकात जगात विजेचे दिवे आले, तारा आल्या आणि तांब्याची मागणी एकदम वाढली. ब्यूटच्या डोंगरात तांबे भरपूर होते, पण ते गंधकाशी आणि काही खनिजांत आर्सेनिकशीही जोडलेले होते. धातुपाषाण दळून तांबे काढून घेतले की उरलेला बारीक चुरा जवळच्या ओढ्यात सोडून द्यायचा, अशी तेव्हाची रीत होती. हा ओढा क्लार्क फोर्क नदीचा उगमाकडचा प्रवाह. ब्यूटच्या खाणसम्राटांपैकी विल्यम क्लार्क याने मिलटाउनजवळ, ब्लॅकफूट नदी क्लार्क फोर्कला मिळते तेथे, वीजनिर्मितीसाठी धरण बांधले. १९०८ च्या सुरुवातीला ते पुरे झाले आणि त्याच वर्षी जून महिन्यात नदीला प्रचंड पूर आला. धरण वाचवण्यासाठी त्याचा काही भाग सुरुंग लावून उडवावा लागला. धरण वाचले. पुराने ब्यूटपासून वाहून आणलेला चुरा त्याच्यामागे येऊन बसला.

बाटलीत माती आणि पाणी घालून हलवा आणि बाटली टेबलावर ठेवा. वाहत्या पाण्याला माती पेलते, पाणी थांबले की ती खाली बसते. मिलटाउनला हाच प्रयोग नदीच्या प्रमाणावर झाला. पुढच्या सात-आठ दशकांत जलाशयात सुमारे ५० लाख घनमीटर गाळ साठला.

पण गाळातले आर्सेनिक विहिरीत कसे गेले? येथे थोडे रसायनशास्त्र पाहावे लागेल. पाण्यात ऑक्सिजन असतो तोवर लोहाचे गंजासारखे ऑक्साइड गाळात घनरूपात असते आणि आर्सेनिक त्याच्या कणांना चिकटून राहते. जलाशयाच्या तळाशी पाला, लाकडे, शेवाळ कुजतात. कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि मग लोहाचे क्षपण होते. क्षपण झालेले लोह विरघळते. ज्याला धरून बसायचे तेच विरघळल्यावर आर्सेनिकही पाण्यात उतरते. त्यातच धरणामुळे पाण्याची पातळी आजूबाजूपेक्षा उंच झालेली असते, त्या दाबाने हे पाणी खालच्या वाळू-गोट्यांच्या थरात ढकलले जाते. त्याच थरात गावाच्या विहिरी होत्या. म्हणजे विष खाणीचे, पण त्याला मोकळे करून विहिरीपर्यंत पोचवण्याचे काम जलाशयाचे. पुढचा सारा वाद याच दुहेरी कारणावर उभा राहिला.

खाणमालक म्हणू शकत होते, धरण आमचे नाही. धरणमालक म्हणू शकत होते, गाळ आमचा नाही. शिवाय मूळ माणसे हयात नव्हती. क्लार्क १९२५ मध्ये वारला होता. ब्यूटच्या खाणी अ‍ॅनाकोंडा कंपनीकडे एकवटल्या होत्या. १९७१ मध्ये चिलीने तिच्या तेथील खाणी राष्ट्रीयीकृत केल्यावर ती दुबळी झाली आणि १९७७ मध्ये अटलांटिक रिचफील्ड, म्हणजे आर्को, या तेलकंपनीने ती विकत घेतली. या नव्या मालकांनी १९०८ साली ओढ्यात चिमूटभर चुराही टाकलेला नव्हता.

याच सुमारास अमेरिकेत कायदा बदलला. न्यूयॉर्क राज्यातील लव्ह कॅनॉल येथे पुरलेल्या रासायनिक कचऱ्यावर वस्ती उभी राहिल्याचे प्रकरण १९७८ मध्ये गाजले आणि १९८० च्या डिसेंबरात ‘सुपरफंड’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्याची तीन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्यासारखी आहेत. एक, जबाबदारी मागील काळालाही लागू होते. कचरा टाकला तेव्हा तो गुन्हा नव्हता, ही सबब चालत नाही. दोन, निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. तीन, अनेक जण जबाबदार असतील आणि वाटे पाडता येत नसतील, तर कोणाही एकाकडून सगळा खर्च वसूल करता येतो. त्याने मग इतरांकडून आपापसात मागून घ्यावा. ज्यांचा धनी सापडत नाही अशा जागांसाठी तेल आणि रसायन उद्योगांवर कर बसवून निधी उभारला गेला.

जुन्या कृत्यासाठी नव्या मालकाला धरणे न्याय्य आहे का? वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. मुले दोन्ही बाजूंनी भांडतील. कायद्याची भूमिका अशी की ही शिक्षा नव्हे, ही उधारी आहे. कंपनी विकत घेणाऱ्याने तिची मालमत्ता घेतली, तर तिचे देणेही घेतले. नाहीतर प्रत्येक कारखाना एकदा नाव बदलून निर्दोष होईल.

१९८३ मध्ये मिलटाउन सुपरफंडच्या यादीत आले. गावाला पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय करून दिली गेली. गाळ मात्र तसाच राहिला. धरण मजबूत करून गाळ जागेवरच ठेवावा, असे आर्कोचे मत होते. ते स्वस्त होते आणि गाळ ढवळण्यात धोकाही होता, हे खरे. पण १९९६ च्या फेब्रुवारीत ब्लॅकफूट नदीवरून बर्फाचा लोंढा आला. धरणाला धक्का बसू नये म्हणून जलाशयाची पातळी घाईने उतरवली गेली, बर्फाने तळ खरवडला आणि खालच्या नदीत तांब्याचे प्रमाण एकदम वाढून मासे मेले. गाळ ‘जागेवर’ राहील ही खात्रीच संपली. शिवाय ज्या धरणासाठी एवढा धोका पत्करायचा, ते वीज देत होते जेमतेम ३ मेगावॉट.

मिझुला परिसरातील नागरिकांनी धरण काढण्याची मागणी लावून धरली. २००४ च्या डिसेंबरात पर्यावरण संरक्षण संस्थेने तोच निर्णय दिला आणि २००५ मध्ये आर्को व तेव्हाची धरणमालक नॉर्थवेस्टर्न कंपनी यांच्याशी खर्चाचा करार झाला. मोठा वाटा आर्कोचा, म्हणजे २००० साली ती विकत घेणाऱ्या बीपीचा. एकूण खर्च १० कोटी डॉलरांच्या पुढे गेला. २८ मार्च २००८ रोजी धरण फुटले, ठरवून. शंभर वर्षे अडलेले मासे पुन्हा वर जाऊ लागले.

त्याच फेब्रुवारी १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील बिछडी गावाच्या खटल्यात ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व मान्य केले, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. तेथे ‘एच’ आम्लाच्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या होत्या. पण आकारलेले ३७ कोटींहून अधिक रुपये वसूल होईनात. २०११ मध्ये न्यायालयाला ते चक्रवाढ व्याजासह भरण्याचा हुकूम द्यावा लागला. तत्त्व एक, तरी फरक पडतो तो अंमलबजावणीच्या यंत्रणेत: आधी साफ करून मग वसूल करायचे, की वसुलीची वाट पाहत विहिरी तशाच ठेवायच्या?

मिलटाउनचा हिशेबही मात्र पुरा झाला असे म्हणता येत नाही. २००७ ते २००९ या काळात सर्वांत दूषित असा १५ लाख घनमीटरांहून अधिक गाळ आगगाडीने वर परत नेला गेला. तो टाकला ऑपॉर्च्युनिटी नावाच्या गावाशेजारी. या नावाचा अर्थ ‘संधी’. अ‍ॅनाकोंडा कंपनीने आपल्या कामगारांसाठी वसवलेले हे गाव. शेजारी तिच्या कचऱ्याची जुनी तळी होती, म्हणून जागा सोयीची ठरली. रसायनशास्त्राच्या आणि पैशाच्या दृष्टीने निवड समजण्यासारखी आहे. पण आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, ते नष्ट होत नाही, फक्त जागा बदलते. एका गावाची नदी मोकळी झाली, दुसऱ्याच्या दारातला ढीग वाढला.

म्हणून ‘कोणी पैसे द्यायचे’ या प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न दर वेळी विचारावा लागतो: काढलेला गाळ कोणाच्या दारी जाणार? पहिल्याचे उत्तर मिलटाउनच्या करारात सापडते. दुसऱ्याचे उत्तर ऑपॉर्च्युनिटीतल्या लोकांना कोणी आधी विचारायला हवे होते.