धुळीआडची दीर्घिका

शाहूपुरीच्या गूळबाजारात गाड्यांच्या वर्दळीने धूळ उडाली म्हणजे मावळता सूर्य अधिकच तांबडा दिसतो, हे आम्ही नेहमी पाहतो. ज्योतिर्विदांसही धुळीने असेच चकविले. १९९५ च्या डिसेंबरात हबल दुर्बिणीने सप्तर्षींतील एक इवलासा तुकडा दहा दिवस न्याहाळून सुमारे ३००० दीर्घिका टिपल्या. तारकाजन्माचा हिशेब त्यांवरून मांडला जाऊ लागला. परंतु तरुण ताऱ्यांचा प्रकाश धूळ गिळते, आणि ऊन होऊन तो दीर्घ लहरींच्या रूपाने परत करते. धुळीच्या याच गुणावर, १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी हॉइल व बर्बिज यांच्यासह १९९३ साली मांडलेल्या विश्वमतात मोठी भिस्त ठेविली होती. ते मत बहुमान्य झाले नाही. धुळीचे माहात्म्य मात्र निराळ्या वाटेने पटले.

विश्वप्रसरणाने ताणलेल्या त्या लहरी मिलिमीटरला थोड्या उण्या होऊन आपणांपर्यंत पोहोचतात. हवेतील बाष्प त्यांस शोषून घेते. आमच्या आषाढात तर त्यांचे नावच नको! म्हणून हवाई बेटातील मौना केआ पर्वतावर, १५ मीटर व्यासाच्या मॅक्सवेल दुर्बिणीस ‘स्कूबा’ हे यंत्र जोडून हबलचाच तुकडा पुन्हा तपासण्यात आला. १९९८ साली पाच उगमस्थाने जाहीर झाली. त्यांतील सर्वांत तेजस्वी, ते हबलच्या चित्रात काही केल्या सापडेना. वाद चौदा वर्षे चालला. अखेर २०१२ साली वायूंच्या वर्णरेषांनी निकाल दिला : विश्वाचे वय अवघे ११० कोटी वर्षे असताना ही दीर्घिका वर्षाकाठी सुमारे ८५० सूर्यांइतक्या द्रव्याचे तारे घडवीत होती. हबलच्या हिशेबात तिची नोंदच नव्हती.