‘डार्क व्हिक्टरी’ : प्रेक्षक नेमके कशासाठी रडले?

आज आपण एकच चित्रपट घेऊ : 1939चा ‘डार्क व्हिक्टरी’. दिग्दर्शक एडमंड गोल्डिंग, नायिका बेटी डेव्हिस.

मूळ नाटक 1934 साली ब्रॉडवेवर आलं होतं. टालूला बँकहेडसारखी मोठी नटी असूनही ते 51 प्रयोगांत आटोपलं. चित्रपट मात्र चालला, आणि प्रेक्षक रुमाल भिजवून बाहेर पडले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक फ्रँक न्यूजंट यांचं म्हणणं असं, की या कथेला भावनांचा भडिमार म्हणून उडवून लावता आलं असतं, पण अभिनय इतका खरा आहे की तसं करवत नाही.

कथा थोडक्यात अशी. ज्युडिथ ही श्रीमंत, घोड्यांची शौकीन तरुणी. मेंदूत गाठ निघते, शस्त्रक्रिया होते. ती फार जगणार नाही, हे डॉक्टर स्टील आणि मैत्रीण अ‍ॅन यांना ठाऊक असतं. पण ते तिला सांगत नाहीत. एक दिवस स्वतःचीच फाइल हाती लागते आणि तिला सगळं कळतं. ती प्रचंड चिडते.

इथे आपण थांबायला हवं. आज हा चित्रपट पाहणाऱ्याला पहिला राग येतो तो डॉक्टरचा. पण त्या काळी असं लपवणं हीच रीत होती. पुढे 1961 साली अमेरिकी डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे 90 टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. 1979च्या तशाच पाहणीत 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. म्हणजे अठरा वर्षांत चित्र पार उलटलं!

मग 1939चे प्रेक्षक कशासाठी रडले? निव्वळ मरणासाठी नाही, असं आम्हाला वाटतं. शेवट आठवा. ज्युडिथ बागेत फुलझाडांचे कंद लावते आहे. तिला वाटतं आभाळ भरून आलं. पण हातांना ऊन तर लागतंय. दृष्टी जाते आहे, म्हणजे आता थोडेच तास उरले. डॉक्टर आता तिचा नवरा आहे, आणि कामासाठी न्यूयॉर्कला निघाला आहे. ती त्याला काहीएक कळू देत नाही, हसून निरोप देते. लपवाछपवी तीच, पण या वेळी निर्णय तिचा.

प्रेक्षकांनी हे ओळखलं होतं. तिच्या मृत्यूनंतर तिचा घोडा शर्यत जिंकतो, असा एक प्रसंगही चित्रित झाला होता. चाचणी खेळाच्या प्रेक्षकांना तो रुचला नाही, म्हणून तो काढला. त्यांना घोड्याचा विजय नको होता. तिचा त्यांनी पाहिला होता.

आपल्याकडे आजही दवाखान्याच्या दारात नातेवाईक कुजबुजतात, ‘डॉक्टर, त्यांना मात्र सांगू नका हं.’ त्यामागे माया असते, हे खरंच. पण ती बातमी कोणाची, हा ज्युडिथचा प्रश्न अजून शिल्लक आहे.